पेंट शॉपमागची भिंत

देशमुखबाई गेल्याचं मला कंपनीच्या गेटवर कळलं. वॉचमन रजिस्टर पुढे करत म्हणाला, "साहेब, कॉलेजच्या बाई वारल्या. सकाळी फोन आला होता." तीन आठवडे झाले त्याला... अजून खरं वाटत नाही.

बाई पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या. तेलाचे भाव भडकले, वीजकपात सुरू झाली, तेव्हा आमच्या पिंपरीच्या कारखान्याच्या मागे लागून त्यांनी ऊर्जाबचतीचा अभ्यासक्रम सुरू केला. कॉलेजची मुलं आणि आमचे कामगार एकाच बाकावर. वर्ग गुरुवारी, कारण कपातीमुळे त्या दिवशी कारखाना बंद असे; लाइन तेवढी चालू. मी मेंटेनन्सला होतो, म्हणून कंपनीनं मला त्यांच्या दिमतीला दिलं. "मुलांना हिंडवा, चहा पाजा, परत पाठवा," एवढीच सूचना होती.

पहिल्याच गुरुवारी बाई मीटरसमोर थांबल्या. पंखे, दिवे, मशिनं सगळं बंद. शेडमध्ये आमच्या पावलांचाच आवाज. तरी मीटरची चकती फिरत होती... अगदी सावकाश.

"सगळं बंद केलंय ना?"

"व्हय बाई. म्या सोता खटके पाडल्यात," फोरमन शिवराम म्हणाला. तो दिघीचा, कारखाना उभा राहिल्यापासून इथला.

बाईंनी मुलांना भिंतींना हात लावत चालायला सांगितलं. पेंट शॉपच्या मागे तीन मांजरं भिंतीला चिकटून झोपली होती. वर भिंतीला कुणीतरी कुंकू लावलेलं. शिवराम आडवा आला. "तिथं नगं, बाई. ती भिंत जित्ती हाय. थंडी असो, पाऊस असो, गार म्हणून पडत न्हाई."

बाईंनी तळहात टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. "कुलकर्णी, तुम्ही लावा हात," त्या मला म्हणाल्या. ताप आलेल्या माणसाच्या पाठीसारखी होती ती भिंत.

पुढच्या गुरुवारी भिंत फोडली. आत रंग सुकवायची जुनी भट्टी. सहा वर्षांपूर्वी शेड वाढवताना विटांनी बुजवून टाकलेली. तिची एक कॉइल अजून लाल होती. लाइन तोडून, गार झाल्यावर शिवराम आत शिरला. आकड्यांना लोंबणाऱ्या पत्र्यांना त्याचं बोट लागलं, तसा रंग राखेसारखा झडला. एवढी वर्षं ती बंद खोली तापत होती.

बाईंनी मेंटेनन्सचं जुनं रजिस्टर मागवलं. 'भट्टीची जोडणी तोडली. आत जाऊन पाहणी केली.' खाली सही माझी. तेव्हा मी नवा होतो. साहेबांनी रजिस्टर सरकवलं, मी सही ठोकली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर मिटलं. अहवालात भट्टी आली, माझं नाव आलं नाही. साहेब लोकांनी अहवालातून भट्टीही गाळायला सांगितली. बाईंनी नकार दिला आणि वर्षभर मुलांना गेट बंद झालं. तरी त्या गेटबाहेर लिंबाखाली येईल त्याला शिकवत राहिल्या. मला एकदाच म्हणाल्या, "सहीचं मुलांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

मी सांगितलं नाही. गेट उघडल्यावर मीही शिकवू लागलो. भट्टीची हकीकत दरवर्षी सांगायचो, सही तेवढी वगळायचो. बाई मागच्या बाकावर बसून ऐकायच्या... नुसत्या ऐकायच्या.

परवा बाईंशिवाय पहिला वर्ग घेतला आणि सहीचं सांगून टाकलं. एक मुलगी उभी राहिली.

"सर, विटा रचल्या तेव्हा आत कोणी नव्हतं, हे कोणी बघितलं होतं?"

"ते माझं काम होतं," मी म्हणालो. "मी बघितलं नव्हतं."