देवी म्हणते की तुमी?

पहिली भाकरी तव्यावर टाकून मैनाबाईंनी दुसरीचा गोळा परातीत घेतला, तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, दोन्ही हातांनी बडवणंच ते. बाहेर गाडीचं इंजिन घरघरत होतं आणि गावातला बंडू ओरडत होता, "माय! दार उघडा, माय!"

मैनाबाईंचे यजमान भगवंतराव गालावरचा दाढीचा साबण न पुसताच धावले. बंडूच्या मागून त्याची आई वच्छलाबाई आत आल्या. पदर एकीकडे, चप्पल एकाच पायात.

"सातवा लागला सुनेले, प्रणालीले," त्या म्हणाल्या. "रातभर डोकं धरून बसली हाय. हा म्हणते, अकोल्याले दवाखान्यात नेतो. पण पोटुशी बाई वेस ओलांडणार, देवीले इचारल्याबिगर कशी नेऊ?"

मूर्तिजापूरकडच्या त्या गावात बऱ्याच घरांची ही रीत होती. गर्भार बाई वेशीबाहेर न्यायची, तर आधी मैनाबाईंच्या अंगात देवी यायची, 'जा' म्हणायची, मगच गाडी हलायची.

मैनाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या शब्दाला या घरात मिठाएवढीही किंमत नव्हती. तोंड उघडलं की सासरे म्हणत, "तुले काय समजते?" मग एका नवरात्रात, आरतीच्या झांजा टिपेला असताना, त्यांचे केस सुटले, अंग थरथरलं आणि तेच सासरे पायाशी लोळले. खोटं नव्हतं ते. काहीतरी आलं होतं खरंच. त्या दिवसापासून विहीर कुठं खणायची इथपासून सोयरीक कुठं करायची इथपर्यंत सारं त्यांना विचारून होऊ लागलं. बरोबरीनं शेतात निंदायला जाणारी वच्छलाही 'मैने' सोडून 'माय' म्हणू लागली.

पण दोन वर्षं झाली, काहीच येत नव्हतं. झांजा वाजायच्या, मान सवयीनं फिरायची, आत मात्र सगळं गपगार. हे कुणाला सांगायची छाती नव्हती. देवी गेली, तर मागं उरलेल्या बाईचं कोण ऐकणार?

भगवंतरावांनी घाईघाईनं ताटात कापूर पेटवला आणि बायकोच्या कानाशी लागले. "बस पाटावर. दोन मिनिटाचं काम हाय. 'जा' म्हण अन् मोकळी हो."

खरंच सोपं होतं. मान आपोआप हलायला लागलीसुद्धा. पण तेवढ्यात बाहेर गाडीत कुणीतरी ओकलं.

मैनाबाई पिठाच्या हातानं, अनवाणी, सरळ गाडीपाशी गेल्या. मागच्या सीटवर प्रणाली आडवी झाली होती. तोंड सुजून डोळे बारीक झालेले, पायांत चप्पल मावत नव्हती.

"काय होऊन राह्यलं व पोरी?"

"डोयापुढं काजवे चमकते, माय. तुमी नीट दिसून नाही राह्यल्या मले."

मैनाबाई वळल्या. "बंडू, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता."

वच्छलाबाई गाडीच्या दाराला आडव्या झाल्या. "थांब रे! माय, हे देवी म्हणते की तुमी म्हणता?"

भगवंतराव ताट घेऊन उंबऱ्यात उभे होते. डोळ्यांनी विनवत होते, म्हण ना, देवी म्हणते म्हण. मैनाबाईंच्या जिभेवर शब्द आलाही होता. आज तो म्हटला, तर उद्या आणखी कुणीतरी असंच दारात थांबणार, आणि पोर गाडीत कण्हत पडणार.

"मी म्हणतो," त्या म्हणाल्या.

"मंग नाही जमत. पयले पाटावर बसा."

"वच्छला, देवी नाही येत मले. दोन वर्सं झाली. मान हालवत होतो नुसती."

ताट कलंडलं. पेटता कापूर उंबऱ्यावर पडला आणि भगवंतराव तो पायानं विझवू लागले. वच्छलाबाईंचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे माह्या लेकीची सोयरीक... ते बी तूच बोलली? ढोंगी! साऱ्या गावाले पायावर घातलं तुनं!"

"हो. शिव्या दे. अकोल्यापर्यंत देत चल. पण गाडीत बस."

बंडू एकदा आईकडं, एकदा मैनाबाईंकडं पाहत होता. आतून प्रणाली क्षीण आवाजात म्हणाली, "अहो... हात बधिर होऊन राह्यला माहा."

"आई, सरक," बंडू म्हणाला. आईच्या दंडाला धरून त्यानं तिला बाजूला केलं. इतक्या वर्षांत आईला त्यानं असा हात लावला नव्हता. वच्छलाबाई पुटपुटत, डोळे पुसत सुनेच्या पायाशी जाऊन बसल्या.

"मी बी येतो," मैनाबाई म्हणाल्या. 'ये' कुणी म्हटलं नाही. 'नको'ही म्हटलं नाही. घरात तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला होता.

बंडूनं सवयीनं पुढचं दार उघडलं, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं सीट झटकली आणि अदबीनं बाजूला उभा राहिला. देवीचं माणूस कुणाला खेटून बसत नसे. पुढची जागा त्यांचीच.

मैनाबाईंनी ते दार लावून टाकलं.

"बंडू, मले मागं बसू दे. पोरीचं डोकं मांडीवर घेतो."