फियाटचा पहिला अर्धा तास

माझे वडील गुणाजी, म्हणजे आमचे अण्णा, खोपटच्या एसटी डेपोमागे गॅरेज चालवतात. लांज्याहून ठाण्यात आले तेव्हा पाना कसा धरतात तेही त्यांना माहीत नव्हतं, पण कान देवानं दिलेले होते. डेपोतून एसटी बाहेर पडली की तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते चहा पिता पिता सांगायचे. गिऱ्हाइकं यायची ती त्या कानांच्या भरवशावर.

आता ते कान गेलेत, आणि हे फक्त मला ठाऊक आहे. मशीन लावा म्हटलं की डोळे वटारतात. "कानात मशीन घातलेल्या मेकॅनिककडे गाडी कोण आणणार, तुझा सासरा?" माझं अजून लग्नही झालेलं नाही, पण टोमणा मारताना अण्णांना असल्या गोष्टी आड येत नाहीत. शेवटी मीच सुट्टीच्या दिवशी गॅरेजात उभी राहायला लागले. इंजिन सुरू झालं की ते हळूच माझ्याकडे बघतात. सगळं ठीक असेल तर मी मान डोलावते, मग ते गिऱ्हाइकाला सांगतात, "एक नंबर!" दर वेळी वाटतं, आज पकडले जाणार.

मग डोंबिवलीच्या सुदेशची डुक्कर फियाट आली, ती जुनी गोलमटोल गाडी. गाडी त्याच्या वडिलांची. ते गेल्यावर त्यानं इंजिन पूर्ण उघडून नवं करायला दिलं. आतला कॅमशाफ्ट झिजला होता. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला लांब दांडा. तो फिरतो तसे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. नवा शोधताना सुदेशच्या नाकी नऊ आले, आणि मिळाला तो एकच. अण्णांनी त्याला लोण्यासारखं जाड वंगण चोपडलं आणि श्वास रोखून आत सरकवला. तिथवर डोळे आणि बोटं पुरली.

खरी भीती पुढेच होती. नवा कॅमशाफ्ट पहिला अर्धा तास जोरातच चालवावा लागतो. इंजिन मंद ठेवलं तर पुरेसं तेल उडत नाही आणि उंचवटे घासून जातात. अण्णांनी सुदेशला सीटवर बसवून बजावलं, "ॲक्सिलरेटर दाबून धर. मी हात करेपर्यंत पाय उचलायचा नाय. काय पण होऊ दे."

इंजिन सुरू झालं. अण्णांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. रेडिएटरला आणखी पाणी लागणार म्हणून डबा घेऊन कोपऱ्यावरच्या नळावर गेले.

परत येताना गॅरेजमधून इंजिनाचा तो मोठा आवाज येईना. मी डबा घेऊन धावतच सुटले. आत सुदेशची आई, विमलाबाई, गाडीला निरांजन ओवाळत होत्या. एवढ्या आवाजात आरती कशी म्हणायची, म्हणून त्यांनी मुलाला "जरा हळू कर की रे" म्हटलं होतं, आणि आईपुढे, त्यातून देवाच्या कामात, नाही म्हणायची सुदेशची छाती झाली नव्हती. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. आणि अण्णा? आरती म्हटल्यावर त्यांनी इंजिनावरचा हात काढून दोन्ही हात जोडले होते आणि डोळे मिटले होते. आता त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

"सुदेश, दाब! आधी दाब ते!" मी किंचाळले. विमलाबाई दचकल्या. अण्णा तसेच हात जोडून उभे.

सुदेशनं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं आणि त्या गर्जनेच्या आतून टक टक टक असं वाजायला लागलं. सुदेशचा चेहरा उतरला. त्यालाही ऐकू आलं होतं, त्याच्या आईलाही आलं होतं.

आरती संपली असेल असं वाटून अण्णांनी डोळे उघडले. हात पुन्हा इंजिनावर ठेवला आणि समाधानानं माझ्याकडे बघितलं.

मान डोलावली असती तर घासल्या उंचवट्यांच्या चुऱ्यानं तेलात मिसळून सगळं इंजिन खाऊन टाकलं असतं. नाही म्हटलं तर इथे, सगळ्यांसमोर, अण्णांचं गुपित उघडं पडणार होतं. मला रडूच फुटलं. मी नकारार्थी मान हलवली.

अण्णांनी हात केला. सुदेशनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. "काका, एवढा आवाज येत होता, तुम्हाला कसा काय..." बोलता बोलता तो थांबला, कारण अण्णा त्याच्या ओठांकडे बघत होते. काहीतरी थाप मारायला मी पुढे झाले, तर त्यांनी मला हातानंच अडवलं.

"सुदेश, मला ऐकायला येत नाय," ते म्हणाले, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्यानं. "काय वाजतंय ते हिला विचार. आणि माझ्याशी बोलताना जरा समोर ये."