वैरागच्या माळावर: मुंग्यांचा भुंगेरा आणि माझा संशय

आमच्या मनूला सांगून आलेला मुलगा, सुहास, मुंग्यांच्या घरात राहणारा भुंगेरा शोधत फिरतो म्हणे. हे काय काम झालं? मनू तर भाळलीच होती, पण सगळं माझ्या होकारावर अडलेलं. आई-बाबांमागे घरात आम्ही दोघी बहिणीच. म्हटलं, स्वतः जाऊन बघतेच.

सोलापूरहून बार्शीची एसटी पकडा आणि वैरागला उतरा. सकाळी लवकर निघा, कारण माळावर सावली औषधालाही नाही. डबा घरचाच न्या. मी कडक भाकरी अन् शेंगाचटणी नेली होती. स्टँडवर सुहास मोटारसायकल घेऊन हजर, तोही इस्त्रीच्या शर्टात! माळावर कोण इस्त्री करून जातं? मला दाखवायलाच हे सगळं.

माळावर शेळ्या राखणाऱ्या आजोबांना मी हळूच विचारलं, "हे नेहमी येतात का?"

"व्हय की! दगडं उलटत्यात, बगत्यात, परत हाय तशी ठिवत्यात. लई येडं हाय."

पढवून ठेवलं असणार, दुसरं काय!

"ताई, मुंग्या त्या भुंगेऱ्याला आपला समजून चाटतात, घरात वावरू देतात," सुहास रंगात येऊन सांगत होता. "आणि तो त्यांचीच पिल्लं खातो."

गोड बोलून घरात शिरणारे मी कमी पाहिलेत का?

"तुम्हाला कधी सापडला?"

"एकदाच. फोटो काढेपर्यंत पळाला."

घ्या! मग मीच हट्टानं दगड उलटायला लागले. एकाखाली मुंग्यांच्या गर्दीत तपकिरी भुंगेरा! "हाच ना?" मी ओरडलेच.

सुहास त्या इस्त्रीच्या शर्टासकट मातीत पालथा पडला. बराच वेळ बघून म्हणाला, "नाही ताई. हा साधाच, चुकून आलाय. मुंग्यांच्या भुंगेऱ्याच्या मिशा जाड, चपट्या असतात." त्याचा चेहरा पडला होता. दगड मात्र त्यानं अलगद होता तसा ठेवला.

परतताना एसटीत तेच डोक्यात. 'हाच' म्हणाला असता तर मला काय कळणार होतं? मी खूश होऊन घरी गेले असते, हे त्यालाही ठाऊक होतं. माझा संशय सगळा गेला असं नाही, स्वभावच आहे माझा.

मनू दारातच उभी. "दिसला का गं?"

"नाही."

ती रडायच्या बेतात. "मग आता?"

"मग काय? जेवायला बोलाव त्याला. आणि इस्त्री करू नको म्हणावं."