दहा पावलांवरचा हातोडा

राऊत सरांची आणि माझी ओळख झाली ती बोलणी खाऊनच. डहाणूच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या पहिल्याच सहलीत मी कमरेला हातोडा लटकवून होकायंत्राने खडकाची दिशा मोजत होतो. सरांनी हातोडा काढून घेतला, दहा पावले मोजून लांब ठेवला आणि सांगितले, की लोखंड जवळ असले की सुई भरकटते. हा नियम पुढे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ झाला.

आपल्या डहाणू-तलासरीचा दगड काळा, लाव्ह्याचा. त्याला दाबाने पडलेल्या घड्या नाहीत. म्हणून सरांनी उभ्या हयातीतल्या सुट्ट्या अरवलीत आणि सिंधुदुर्गात घालवल्या. फार प्राचीन काळी डोंगर उभे राहताना या दोन प्रदेशांतले खडक कसे दाबले गेले, याची तुलना हाच त्यांचा ध्यास. सरांच्या मासोलीच्या घरात घोलवडच्या चिकूच्या खोक्यांतून दगडच भरलेले असत, आणि सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांतूनच वाट काढत चहा आणत. अरवलीत सरांना एका घडीवर दुसरी आडवी घडी दिसली, म्हणजे दाब दोनदा, दोन दिशांनी आला. सिंधुदुर्गातही तसेच झाले, असे त्यांचे मत बनले. त्यासाठीची बरीचशी मोजमापे माझी होती.

तलासरीकडे जमीन हादरू लागली तेव्हा सायवनच्या एक बाई सरांकडे आल्या. घरात झोपू का नको, एवढेच त्यांना हवे होते. सर म्हणाले, "पुढचा धक्का कधी येईल ते मला माहीत नाही, बाई. पण घर बघायला येतो." ते गेले आणि माळ्यावरचे जड सामान स्वतः उभे राहून खाली उतरवून घेतले. चारचौघांत 'माहीत नाही' म्हटल्याने सरांचा मान जाईल, अशी मला उगाच धास्ती वाटली होती.

आता माझी खरी धास्ती सांगतो. सरांच्या या गौरवग्रंथासाठी जुने फोटो निवडताना सिंधुदुर्गातला एक हाती लागला. मी खडकावर वाकून दिशा मोजतो आहे आणि होकायंत्राला खेटून माझा हातोडा पडला आहे. याच तुलनेवरचे सरांचे पुस्तक छपाईला गेले होते. त्या हंगामातली माझी मोजमापे चुकली असतील, तर सिंधुदुर्गातली दुसरी घडी खरी की माझ्या हातोड्याची? फोटो फाडून टाकावा, असेही एकदा मनात आले. तीन दिवस तो खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी मासोलीला गेलो.

सरांनी भिंगातून फोटो बराच वेळ पाहिला. काकूंनी ठेवलेला चिकू तसाच राहिला. मग ते म्हणाले,

"अरे, हातोडा तुझा. पण फोटो मी काढलाय. मला कसा दिसला नाही?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुस्तक छपाईतून परत मागवले. थंडीत आम्ही तोच खडक पुन्हा मोजणार आहोत. सरांना पंचाहत्तरावे लागले आहे, गुडघा वाकत नाही, आणि काकू माझ्याकडे काळजीने बघतात. उत्तर काय निघेल, मला माहीत नाही. सरांना उदंड आयुष्य लाभो, आणि ते उत्तर लिहून होईपर्यंत त्यांचे गुडघे टिकोत, एवढेच मागणे आहे. हातोडा मी दहा पावलांवर ठेवीन. पावले मात्र सरांनी मोजावीत.