दाजींची गाडी आणि आतल्या दोन जावा

माझ्या थोरल्या साडूंना या जगातला कुठलाही आवाज अनोळखी नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांची पिठाची गिरणी होती. बाहेर कट्ट्यावर चहा पिता पिता आतलं दळण गव्हाचं आहे की ज्वारीचं, आणि जात्याच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायची वेळ झाली का, हे ते नुसत्या कानानं सांगत. थोरल्या मुलानं गिरणी हातात घेतल्यापासून त्यांचे कान रिकामे झाले आणि ते ऐकत ऐकत साऱ्या गणगोतात फिरू लागले. एकदा आमच्याकडे आले ते चप्पल काढायच्या आधीच दारात थबकले आणि म्हणाले, "पावणं, फ्रिज थकलाय तुमचा." पुढच्याच आठवड्यात फ्रिज बंद पडला. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. तिनं त्या दिवशी त्यांच्या कानांना मनोमन हात जोडले. मला मात्र अजून वाटतं, की तो बिचारा फ्रिज त्यांचं बोलणं ऐकून खचला असावा.

अशा माणसाला ऑटोमॅटिक गाडी घ्यायचा सल्ला मी दिला. त्यांचा डावा गुडघा दुखायचा, क्लच दाबताना ते "आई गं" म्हणायचे, आणि दुसऱ्याचं दुखणं आपल्यामुळेच असल्यासारखं वाटण्याची मला जन्माची खोड आहे. गाडी आली. पांढरीशुभ्र, दोन क्लचच्या गिअरबॉक्सची. दाजींनी ती यंत्रणा समजून घेतली आणि भेटेल त्याला समजावायला सुरुवात केली. "आत दोन जावा हायत बगा. एक-तीन-पाच थोरलीकडं, दोन-चार-सहा धाकटीकडं. एक वाढतीया तवर दुसरी फुडचं ताट घिऊन हुबी. जेवणाऱ्याला कळत बी न्हाय कुणी वाढलं!" यावर त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या आक्का, म्हणायच्या, "असल्या जावा गाडीतच असायच्या. आमच्या घरात न्हाय आल्या कधी." पण दाजी सगळ्यांत खूश होते ते दुसऱ्याच गोष्टीवर. ब्रेकवरचा पाय जरा सैल केला, की गाडी आपणहून मुंगीच्या पावलांनी सरकायची. वरातीला याहून चांगलं काय हवं? पाहुण्यांत कुणाचंही लग्न असो, पुढे हलगी, मागच्या सीटवर नवरा-नवरी, आणि ब्रेकवर अर्धा पाय ठेवून गावभर सरकणारे दाजी, हे ठरून गेलं. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडात बसतच नाही.

मग गाडी कुरकुरू लागली. खड्ड्यांतून हळू जाताना खालून खडखड, आणि पहिल्या गिअरातून दुसऱ्यात जाताना मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका. एरवी दाजींनी याची मजाच घेतली असती. पण त्यांची एकुलती लेक कुरुंदवाडला दिलेली, पहिलटकरीण, सातवा महिना. तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. जावई म्हणाला, "मी आणून सोडतो," तर दाजींनी फोनवरच त्याला गप्प केलं, "माजी लेक हाय, मीच आणणार. पाण्यातनं नाव आणल्यागत आणतो." शब्द तर देऊन झाला. आता गाडी हिसका देते म्हटल्यावर त्यांची झोप उडाली. प्रत्येक हिसक्याला ते आरशातून माझ्याकडे बघायचे, आणि मी खिडकीबाहेर.

त्यांची तपासणीची रीत गिरणीतली होती. एकेक गोष्ट बाजूला करायची आणि ऐकायचं. डिकीतून जोतिबाचा नारळ निघाला, जॅक निघाला, आक्कांची वर्षभर हरवलेली छत्री निघाली. खडखड तशीच. सामान संपल्यावर माणसं सुरू झाली. पन्हाळ्याच्या रस्त्यावर त्यांनी आक्कांना उतरवलं. "तुज्या बांगड्या हायत का बगू दे." आणि आवाज ऐकण्याच्या नादात तसेच घरी आले. आक्का मागून वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आल्या. त्यानंतर घरात फक्त स्वयंपाकघरातली भांडी वाजत होती. दाजी मला हळूच म्हणाले, "ह्यो आवाज मातूर वळकीचा हाय."

हिसका मोजायला त्यांनी मला नेमलं. लेकीच्या जागी, म्हणजे मागच्या सीटवर, मांडीवर काठोकाठ ताकाचा तांब्या घेऊन मी बसायचो आणि दाजी मला राजारामपुरीच्या गल्ल्यांतून फिरवायचे. "सांडलं?" "सांडलं." "किती?" ते पँटकडे बघून कळतच होतं, पण त्यांना तोंडी जबाब लागायचा. शेवटी आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला तरुण इंजिनिअर म्हणाला, "काका, हा आवाज नॉर्मल आहे." दाजी म्हणाले, "आसं? मग नव्या गाडीत ऐकीव." त्यांनी खरोखरच एक कोरी गाडी बाहेर काढायला लावली, मागच्या सीटवर आडवे झाले, सीटला कान लावला आणि गाडी गतिरोधकावरून न्यायला सांगितली. नवी गाडीही खडखडली. दाजी उठून बसले. "व्हय रे भावा, तुजं खरं हाय. खडखड हिच्या रक्तातच हाय. पर हिला हिसका न्हाय! म्हंजे आवाज येगळा आन् रोग येगळा. आन् मी येड्यागत आवाजामागंच पळालो की!" आपली चूक इतक्या मोठ्यानं, इतक्या आनंदानं सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

रोग सापडला तो दाजींच्या पुतण्याच्या वरातीत. हलगी घुमत होती, पोरं बेभान नाचत होती, मी दाजींच्या शेजारी, मागे नवरा-नवरी, आणि गाडी नेहमीसारखी मुंगीच्या पावलांनी. समोर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला. त्याच वेळी दाजींनी नाक वर केलं. "पावणं, पट्टा घसरतोय!" मला काही कळेना. गिरणीत धान्य जास्त पडलं, की मोटारीचा पट्टा चाकावर नुसता घासतो, चाक फिरत नाही आणि जळका वास येतो. तोच वास त्यांना आला होता. पायाखाली अर्धा ब्रेक, आत अर्धवट लागलेला क्लच, आणि तासन् तास घासणं. "दोघी जावांना म्याच जाळलं की वो," ते म्हणाले. तिथंच गाडी बंद केली, खाली उतरले आणि हात वर करून हलगी थांबवली. "तुमी नाचत चौकापातूर जावा. गाडी हितंच थांबंल. जागा झाली की एका दमात येतो." पोरांनी आधी कल्ला केला, मग त्यांना त्यातच मजा वाटू लागली. वरात नाचत पुढे जायची, चौकात थांबून मागे बघत "येऊ दे, येऊ दे!" ओरडायची, की दाजी झपकन गाडी आणायचे. मधल्या वेळात मागच्या सीटवर नवरा-नवरी इतकं बोलले, की नंतर नवरीनं दाजींना वाकून नमस्कार केला.

नवीन क्लच बसला, गाडीच्या कॉम्प्युटरला त्याची ओळख करून दिली गेली, आणि ताक तांब्यात राहू लागलं. मग आम्ही कुरुंदवाडला गेलो. येताना लेक आणि आक्का मागे. जयसिंगपूर मागे पडेपर्यंत दाजी विचारत होते, "बाळ, हिसका बसला का गं?"

"न्हाई, पप्पा."

"आता?"

लेक हसली. "किती इच्चारता! परवा दवाखान्यात मी ह्यांच्या मोटारसायकलवरनं गेलते की. आमच्या गल्लीत रस्ता हाय का रस्ता? काय झालं न्हाय."

दाजींनी पुन्हा विचारलं नाही. समोर उसाची ट्रॉली होती. तिला मागं टाकता आलं असतं, पण ते तिच्यामागून सावकाश, नीट अंतर ठेवून चालवत राहिले.

कोल्हापुरात शिरेपर्यंत लेक आक्कांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली होती. घराचं वळण आलं आणि गाडी सरळ पुढे गेली.

"दाजी, वळण गेलं," मी म्हणालो.

"निजलीया ती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "रंकाळ्याला एक वळसा घालू की."

त्यांनी तळ्याला एक वळसा घातला. मग आणखी एक.