लोखंडात उरलेलं चुंबकत्व

जनकोजीराव गेली बेचाळीस वर्षं चेन्नईतल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत जळालेल्या मोटारी उघडून त्यांना नवी तार गुंडाळतात. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, दिवसभराचं बोलणं बहुतेक तमिळ. तारेचे वेढे मात्र मराठीतच मोजतात, कारण वडिलांनी तसेच शिकवले. मध्ये कुणी तोंड घातलं की सगळे वेढे सोडून पुन्हा एकपासून. मी नाशिकची, इथल्या एका कंपनीत विजेच्या गाड्यांच्या मोटारी संगणकावर आखते. त्यामुळे आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या या माणसाला शिकवण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ आहे, असा माझा दोन वर्षं समज होता.

डिसेंबरातल्या वादळाने तो उतरवला. वीज जाऊन दीड दिवस झालेला, रस्त्यावर कमरेइतकं पाणी, रुग्णवाहिका येईना. जनकोजीरावांच्या पत्नी धनलक्ष्मी यांना फुप्फुसांच्या आजारामुळे ऑक्सिजनचं यंत्र लागतं. ते बंद पडलं होतं आणि शेवटच्या सिलिंडरमधला प्राणवायू बारीक धारेने सोडूनही जेमतेम तासभर पुरणार होता.

इमारतीचा जुना जनरेटर उंच ओट्यावर होता म्हणून कोरडा राहिला. डिझेल घातल्यावर इंजिन धडधडत सुरूही झालं, पण मीटरचा काटा शून्यावरून हलेना. मी आपली टेचात सांगून मोकळी झाले, "वाइंडिंग जळालंय, मामा. दोन दिवसांचं काम आहे."

जनकोजीरावांनी वाकून झाकणाशी नाक नेलं. "जळलं अस्तं तर वास आला अस्ता, मा. ते विसरलंय."

"काय विसरलंय?"

"चुंबक."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि लाजही वाटली. वीज बनवायला चुंबक लागतं, आणि या जुन्या यंत्रात ते चुंबक विजेनेच तयार होतं. मग पहिली वीज कुठून यायची? मागच्या वेळचं थोडंसं चुंबकत्व लोखंडात उरलेलं असतं, त्यातून. ते फिरलं की चिमूटभर वीज होते, त्या विजेने चुंबक जरा बळावतं, त्याने वीज आणखी वाढते. दोघं एकमेकांना हात देत वर चढतात. परीक्षेत हे लिहून मी चांगले गुण मिळवले होते. पण हा जनरेटर चार वर्षं फिरलाच नव्हता. दर आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, जनकोजीराव त्याला गंधकुंकू लावून हार घालत. पूजेच्या दिवशी यंत्राला विश्रांती, म्हणून तो चालवायचा नाही, आणि पुढे ते राहूनच जायचं.

"पूजा केलो, चालवून पाहिलो नाही," ते म्हणाले.

त्यांनी इंजिनच्याच बॅटरीतून दोन तारा काढल्या, चुंबकाच्या गुंडाळीची टोकं सुटी केली आणि तारा त्यांना क्षणभर टेकवल्या. बारीक ठिणगी उडाली. टोकं पुन्हा जोडली तसा काटा थरथरला, पन्नासवर गेला, शंभरावर, आणि दोनशे तीसला जाऊन थांबला. जिन्यातला दिवा लागला. फिरणारं लोखंड आणि स्थिर तांबं, मध्ये नुसती हवा, एकमेकांना कुठे स्पर्शही नाही, आणि तरी वीज उभी राहिली होती. रोज हेच आखणारी मी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. मला चक्क रडू आलं.

"वर जा ना, मामा," मी म्हटलं.

"तू जा. काटा पडला तर कोण पाहील?" ते मीटरसमोरून हलले नाहीत.

मी वर गेले. यंत्र चालू होतं, नाकाशी नळी होती, ओठांचा निळेपणा उतरत होता. धनलक्ष्मीमामींनी मला खिडकी उघडायला लावली. खालून जनरेटरची धडधड आत आली, तशी त्यांनी डोळे मिटले.

"मामांना बोलावू का?" मी विचारलं.

"नको गे," त्या म्हणाल्या. "आवाज येतोय की. येतोय तोवर ते तिथंच उभे अस्तील."