मुंगी चावेल एवढंच

समजा, सुई तुमच्या हातात आहे. समोर सातव्या महिन्यातली गरोदर मुलगी आ वासून बसलीये. लहानपणच्या आजारानं तिच्या हृदयाची झडप अरुंद झालीये. अरुंद दारातून गर्दी निवांत निघते, घाई झाली की चेंगराचेंगरी. तसंच हिचं रक्त. दाढेखाली पू आहे, तो झडपेपर्यंत पोचला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतेल. म्हणून दाढ काढायचीच. नेहमीच्या बधिर करायच्या औषधात असर टिकावा म्हणून थेंबभर अ‍ॅड्रेनलिन असतं. त्यानं हृदय धावतं. तुम्ही काय भराल?

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी साधं औषध भरलं, त्या थेंबाशिवायचं. हृदयाचे डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "अगदी थोडं चालेल, जपून द्या." पण ताकही फुंकून पिणारा बाईंचा स्वभाव.

प्रत्येकाला त्या "मुंगी चावेल एवढंच" म्हणत, म्हणून त्यांचं नावच मुंगीबाई पडलं होतं.

"आमच्या वेळी दाराला दोरा बांधून दात पाडायचे," कोपऱ्यातून मुलीच्या सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून तर तुमच्या तोंडात आता दारंच उरलीत," बाई म्हणाल्या.

सून अर्ध्या बधिर ओठांनी हसली. बाईंनी तिच्या उजव्या कुशीखाली टॉवेलची घडी सरकवली. पोट डावीकडे कललं की मोठ्या शिरेवर भार येत नाही. मग चिमटा लावला. दाढ हलली आणि वरचा भाग कडकन तुटला. मूळ आतच.

पोरीनं हूं की चूं केलं नाही. फक्त पायाची बोटं आखडली, आणि हाताच्या बोटाला लावलेलं ठोके मोजायचं यंत्र भराभर वाजू लागलं.

"दुखतंय?"

मान नकारार्थी हलली. पण श्वास तोकडा पडत होता. बाईंनी हातातलं सगळं खाली ठेवलं, तिला उठवून बसवलं, प्राणवायू लावला.

"खरं सांग, बाळा."

"मघापासून दुखतंय. आई म्हणाल्या, ओरडलीस तर बाळ दचकेल."

सासूबाईंचा चेहरा पडला. "मी आपलं धीर यावा म्हणून..."

ठोके उतरेपर्यंत सगळे त्या यंत्राकडेच बघत राहिले. मग हृदयाच्या डॉक्टरांना विचारून बाईंनी दुसरी सुई दिली, त्या थेंबासकट, अगदी सावकाश. मूळ अलगद निघालं. पोरीनं पोटावर हात ठेवला. "लाथ मारतोय," ती म्हणाली.

"देवासारख्या धावून आलात," सासूबाई म्हणाल्या. बाईंना ते शब्द टोचले.

दोघी गेल्यावर त्यांनी परत फोन लावला. "दुखलं की शरीरही रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतं ना, डॉक्टर?"

"सोडतं की."

"मग भीतीपोटी मी एक थेंब वाचवला, त्याच्या किती पट तिच्या दुखण्यानं ओतला असेल?"